भावजी आणि तुटलेला आख

गाडी कलंडली तेव्हा मला कळा सुरू झाल्या होत्या. भोरच्या दवाखान्याकडं निघालो होतो, हिर्डोशी मागं पडली होती आणि एसटी सकाळीच निघून गेलेली. दोन्ही चाकं जोडणारा लोखंडी आख चाकाजवळ तुटला. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बैल सोडले, मला उतरवून झाडाखाली बसवलं. आणि माझे दीर तुटलेलं टोक उचलून उन्हात फिरवून बघत होते.

"वैनी, बगा की, आतनं कसं खडीसाखरेवानी चमकतंय."

"भावजी, आदी सुईण बगा. साकर मागनं खाऊ."

ते भावजी गेल्या महिन्यात पुण्यात वारले. मोठे शास्त्रज्ञ होते म्हणतात. असतील. मला जेवढे ठाऊक, तेवढे सांगते.

तेव्हा ते कॉलेजातून सुट्टीला आले होते. सुईण आणायला पळाले, पण हातातलं लोखंड काही सोडलं नाही. जवळच्या वाडीत बांधावरून मारामाऱ्या चालू होत्या. लोखंड घेऊन माणूस धावत येतोय म्हटल्यावर बायांनी धडाधड दारं लावली. एक म्हातारी तेवढी कोयता घेऊन बाहेर आली. "कुनाला मारायला आलास रं?" "मारायला न्हाई आजी, बाळंतपनाला." नशीब, सुईण तीच निघाली. तोच कोयता जाळावर धरून तिनं नाळ कापली. पण पोर रडेना... निळी पडलेली. आमच्याकडं अशा वेळी कानाशी ताट वाजवतात. रस्त्यात ताट कुठलं? म्हातारी ओरडली, "आरं, हातातलं वाजीव की." भावजींनी आखाचा तुकडा चाकाच्या लोखंडी धावेवर असा काही बडवला की बैल उधळले आणि पोर रडली. मामंजी बैलांमागं गेले ते दिवस मावळायला परत आले.

दोष लोहारावर गेला. आख वाकला होता म्हणून आदल्या आठवड्यात त्याच्याकडं नेला होता. मामंजींनी सुगीत त्याचं बलुत्याचं धान्य बंद केलं. तो बिचारा दारावरून जाताना मान खाली घालायचा.

भावजी तुकडा पुण्याला घेऊन गेले. पुढं तिथंच नोकरीला लागले. त्यांच्याकडं धान्याच्या कणगीएवढं उभं यंत्र होतं, डोळ्याला न दिसणारं मोठं करून दाखवणारं. त्यात आखाची कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकती घालून फोटो काढला. तो घेऊन गावी आले. मामंजींनी चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "ह्यात आपली जमीन कुटली?"

त्यांचं चुकलं नाही, तलाठ्याच्या नकाशासारखाच होता तो. भावजी म्हणाले, "आण्णा, लोखंडात बी दाणे असत्यात. दोन दाण्यांच्या मदी बांध असतो. लोखंड लई येळ तापलं की बांध सरकतो, मोठा दाणा शेजारच्या बारक्याला खातो. मग समदे दाणे दांडगे व्हत्यात आन् आख दणक्याला टिकत न्हाई."

"यवढं शिकायला पुन्याला जायला लागतं व्हय?" मी म्हणाले. "आमच्या वाडीत रोज हेच चाललंय."

मामंजी हसले नाहीत. मला आठवत होतं, त्यांनाही आठवलं असणार. लोहारापाशी दिवसभर बसून मामंजीच म्हणत होते, "आजून तापीव. सून बसायचीय गाडीत, पोटूशी हाय." भावजींनाही ते ठाऊक होतं. फोटो गुंडाळला आणि चहा मागितला.

मामंजी उठले, पायलीभर तांदूळ पोत्यात घातला आणि लोहाराकडं निघाले. दारातून म्हणाले, "त्यो फोटू दे हिकडं. त्याला बी दावतो, कोन कुनाला खातं ते." दोघं संध्याकाळपर्यंत फोटोवर बोट ठेवून भांडत बसले होते म्हणे.

भावजी दर दिवाळीला येताना तुकडा बरोबर आणायचे आणि माझ्या लेकीच्या, सुमनच्या, कानाशी वाजवायचे. तिला नातवंडं झाली तरी. ती म्हणायची, "काका, पुरं आता, उठलेय मी." शेवटच्या खेपेला इथंच विसरून गेले. मी तो दाराला लावलाय, वाऱ्यानं आपटू नये म्हणून. दहाव्याला आली तेव्हा सुमन त्यालाच ठेचकाळली आणि तिथंच बसून राहिली...

त्या दिवशी गाडीत मामंजी होते, भावजी होते, मी होते आणि माझ्या पोटात ती. आता मी आहे आणि ती आहे.