कुंभकोणमला छत्रीचा रेडिओ

अप्पांना घराबाहेर काढायचं, एवढाच माझा बेत होता. देवदर्शन हे आपलं निमित्त. आई गेल्यापासून आमच्या घरात गाणं लागलं नव्हतं. आई असताना सकाळी ती रेडिओ लावायची, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यावं म्हणून मोठ्याने, आणि बाहेरून अप्पा ओरडायचे, "आवाज कमी कर." ती गेली, आणि आता मी लावला की अप्पा उठून बंद करायचे. "डोकं दुखतं," म्हणायचे. त्या शांततेत हा माणूस हळूहळू विरून जाईल अशी मला खरोखर भीती वाटायला लागली होती.

कुंभकोणम मैत्रिणीने सुचवलं, कारण तिथे एका मराठी घरात उतरायची सोय होते. "म्हणजे तिकडे इडल्यांवर दिवस काढायचे," अप्पा कुरकुरले. पण बॅग त्यांनीच भरली.

पुण्याहून चेन्नई, तिथून कुंभकोणमची गाडी. ही दुसरी गाडी दिवसाचीच पकडा. चिदंबरम मागे पडलं की दोन्हीकडे भाताची खाचरं लागतात आणि खिडकी सोडवत नाही. स्टेशनबाहेर रिक्षाचं भाडं आधी ठरवून घ्या, नाहीतर पुढे हातवारे करून भांडावं लागतं. मी भांडले.

आमच्या यजमानीण सरोजाबाई. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. त्यांचे पूर्वज मराठी राज्याच्या काळात इकडे आले आणि इकडचेच झाले. दारातच म्हणाल्या, "यावें, यावें. प्रवासांत फार श्रम झाले कां?"

अप्पा माझ्या कानाशी लागले, "या बाई बखरीतून बोलतायत की काय?"

तेवढ्यात सरोजाबाईंनी वळून दूधवाल्याला तमिळमध्ये असं काही झापलं की अप्पांनी पटकन चपला काढल्या. जेवायला केळीच्या पानावर भात, आंबट सांबार आणि डांगर पचडी, म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं. इडलीला नावं ठेवणाऱ्या आमच्या वडिलांनी पचडी तीनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पितळी पेल्यातून कॉफी आली. बाहेरच्या खोलीत टीव्हीचा पडदा काळा होता, कोपऱ्यात कसलंसं बारीक नाव, आणि कुठून तरी गाणं ऐकू येत होतं. अप्पांनी चष्मा लावला नव्हता. त्यांना वाटलं गाणं शेजारी चाललंय आणि टीव्ही उगाच चालू राहिलाय. घरात फिरून बटणं बंद करत जायचं हे आमच्याकडचं जुनं व्रत. "वीज काय फुकट येते?" म्हणत त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, आणि गाणंही थांबलं.

सरोजाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "गाणें कोणीं तोडलें?"

अप्पांचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. मग उलगडा झाला. गच्चीवर डिशची छत्री आहे, तिच्यातून टीव्हीवर देशभरचा रेडिओ लागतो. सरोजाबाई रोज सकाळी न बघता कुठलाही आकडा दाबतात आणि जे येईल ते ऐकतात. नियम एकच, लागलेलं गाणं मध्ये तोडायचं नाही.

"आलेला पाहुणा अर्ध्या पानावरून उठवूं नये," त्या म्हणाल्या. "ज्यानें तोडलें त्यानें दुसरें शोधून द्यावें." आणि भिंतीवरचं बटण पुन्हा लावून रिमोट त्यांनी अप्पांच्या हातात ठेवला.

"मला गाण्यातलं काही कळत नाही हो."

"मलाही कळत नाहीं. म्हणून तर ऐकतें."

अप्पांनी नाइलाजाने बटण दाबलं. बातम्या लागल्या. पुन्हा दाबलं, कन्नडमध्ये खताची जाहिरात. तिसऱ्यांदा एका बाईचा आवाज आला, मागे संथ ढोल. भाषा कुठली ते आम्हा तिघांनाही कळलं नाही. अप्पा उभ्यानेच ऐकत राहिले, मग खुर्ची ओढून बसले.

"काय म्हणत असेल ती?" त्यांनी विचारलं.

"कोणाला तरी बोलावीत असेल," सरोजाबाई म्हणाल्या.

गाणं शेवटपर्यंत झालं. अप्पा डोळे पुसत म्हणाले, "तुझ्या आईने आवाज वाढवला असता." पेले विसळायचं निमित्त करून मी आत गेले.

पुढे तिरुनागेश्वरम् झालं. तिथे राहुकाळात अभिषेकाचं दूध निळसर दिसतं म्हणतात. गर्दी फार, लवकर जा. साध्या बसला बायकांना तिकीट नाही, त्यामुळे अप्पांचं एकट्याचं काढलं आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही. स्वामीमलैजवळच्या इन्नंबूरलाही गेलो; देवळाभोवती नुसती भातं आणि बगळे. पण अप्पांचा खरा दिवस सकाळी कॉफीबरोबरच होऊन जायचा. मी उठायच्या आत ते रिमोट घेऊन बसलेले असत. निघताना सरोजाबाई त्यांना म्हणाल्या, "तुमच्या छत्रींतही येतें कीं. शोधावें."

घरी आलो. धुणी, दळण, सगळं सुरू झालं. मला वाटलं, संपलं प्रवासाचं कवतिक.

एका संध्याकाळी भाजी घेऊन येत होते, तर जिन्यातच गाणं कानावर आलं. कुठल्या मुलखाचं, देव जाणे. आवाज एवढा मोठा की शेजारच्या काकू दार उघडून बघत होत्या. आत टीव्हीचा पडदा काळा, आणि अप्पा खुर्चीत डोळे मिटून बसलेले.

"अप्पा, आवाज कमी करा की जरा."

त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. म्हणाले, "असू दे. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

मी आत जाऊन चहा टाकला. तिथे अगदी नीट ऐकू येत होतं.