गव्हाचा घास

लेकीला सिलिअ‍ॅक आहे, गहू पोटात गेला की तिचं आतडं बिघडतं असं कळलं, तेव्हापासून तिच्या भाकरीचा तवा मी वेगळा ठेवला. गिरणीत गव्हाचं पीठ मिसळतं म्हणून ज्वारी घरीच दळायचे. पोळी, बिस्किटं, शेवया, सगळं बंद. तरी धुळ्याच्या दवाखान्यात प्रत्येक तपासणीला रक्तातला आकडा वरच. पोट फुगलेलं, उंची खुंटलेली. काहीतरी चुकतंय, असं डॉक्टरबाई दरवेळी म्हणायच्या आणि मी मान खाली घालायचे.

त्या खेपेला त्यांनी मला बाहेर बसवलं आणि लेकीशी एकटीशीच बोलल्या. आत बोलावलं तेव्हा ती फ्रॉकची शिवण उसवत बसली होती. आई शिवणकामाला गेली की मोठे बाबा गव्हाची बट्टी खायला लावतात, म्हणाली. नाही म्हटलं तर मान धरून कोंबतात, ओकली तर पट्ट्यानं मारतात. बाईंनी तिची पाठ मला दाखवली. नऊ वर्षांची पोर, हल्ली अंघोळ स्वतःच करायची. मला ते वळ दिसलेच नव्हते.

मोठे बाबा म्हणजे माझे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ; आम्ही एकत्रच राहायचो. चाळीसगावला घरी पोचलो तेव्हा ते खाटेवर जेवत होते. मी विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “गहू खाईसन कोन मरस? हाई बठ्ठं तुनं नाटक शे.” सगळं माझंच नाटक, म्हणे! आणि माझ्यादेखत ताटातली बट्टी उचलून त्यांनी लेकीचा दंड ओढला.

मी वरवंटा उचलला आणि त्यांच्या मनगटावर घातला. हाड मोडलेलं ऐकू आलं. दुसऱ्या हातानं त्यांनी माझे केस धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं, पुन्हा आपटलं. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं. आरडाओरडा ऐकून नवरा दुकानातून धावत आला. लेकीनं फ्रॉक वर करून पाठीवरचे वळ त्याला दाखवले. भावापुढे कधी आवाज न चढवलेला तो माणूस त्यांच्या छातीवर बसला आणि गळा आवळू लागला. शेजाऱ्यांनी ओढून काढला म्हणून जेठ वाचले.

टाके घालून घेऊन मी तशीच पोलिसांत गेले. तक्रार मागे घे म्हणून सासूबाईंनी पाय धरले. मी घेतली नाही. आम्ही धुळ्याला खोली केली.

पुढच्या तपासणीत आकडा उतरला, त्यापुढच्या आणखी. लेक आता माझ्या खांद्याला लागते.

जेठांचं मनगट वाकडंच जुळलं. लग्नाकार्यात भेटलो की सासूबाई त्यांचा हात मुद्दाम माझ्यापुढे धरतात. मी नीट बघते.