तीनदा लागलेलं सदतिसावं

परवा नात माझा फॉर्म भरायला बसली. डोळ्याच्या ऑपरेशनचा. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि पेन उचलून म्हणाली, "आजी, उमर काय लिहू?"

"कुठली?" मी विचारलं.

"कुठली म्हणजे? उमर तर एकच असते ना!"

बिचारी. माझ्याकडे तीन आहेत. मला शाळेत घातलं तेव्हा चुलत बहिणीसोबत एकाच वर्गात बसता यावं म्हणून वडिलांनी माझं वय वर्षानं वाढवून सांगितलं. मास्तरांनी जुलैची पहिली तारीख टाकून दिली, तेव्हा सगळ्यांचेच जन्म जुलैत होत. पुढे लग्न ठरायची वेळ आली आणि जयेंद्रगंजातला मुलगा माझ्याहून चार महिन्यांनी लहान निघाला. स्थळ सोडवेना. मग वडिलांनी आमच्या गुरुजींकडून वर्षभर पुढची नवी पत्रिका मांडून घेतली आणि मॅट्रिकचं सर्टिफिकेट मुरारला माहेरी ट्रंकेच्या तळाशी गेलं. म्हणजे शाळेत मी वर्षानं मोठी, सासरी वर्षानं लहान, आणि खरी कुठेतरी मधे. त्यात जन्म अधिक श्रावणातला. तो महिना कधीतरी कित्येक वर्षांनी उगवतो, त्यामुळे वाढदिवस तरी नक्की केव्हा, यावर आई आणि आत्या शेवटपर्यंत भांडत राहिल्या.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण ती नवी पत्रिका पुरी झाली त्या दिवशी मी पडद्यामागे उभी होते. उभी कसली, कान लावून होते. गुरुजी वडिलांना हळू आवाजात म्हणाले, "बाकी सगळं उत्तम. मुलीचं सदतिसावं तेवढं जड आहे. जिवावरचं आहे. ते निघालं की मग चिंता नाही."

वडिलांनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. मी मनावर घेतलं नाही. बावीस वर्षांच्या मुलीला सदतिसावं म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी वय वाटतं.

पण ते येतं. माझ्या लेकीला सातवं लागलं तेव्हा एका सकाळी तिची वेणी घालताना मी शाळेच्या हिशेबानं स्वतःचं वय मोजलं, आणि हात थांबले. छत्तीस पुरी. सदतिसावं लागलं होतं.

त्या वेळची मी आठवली की आता हसू येतं, आणि एक चापट मारावीशी वाटते. छोट्या लाईनच्या रेल्वे फाटकाजवळ बाईसाहेब गाडी दिसायच्याही आधी, लांबूनच थांबत. टेंपोत बसायचं बंद, म्हणून मुरारला माहेरी जाणं बंद. किल्ल्याचा चढ बंद. जिन्याला कठडा असून भिंतीला चिकटून उतरायचं. बोरंसुद्धा खाईना, बी घशात अडकेल म्हणून! छातीत जरा धडधडलं की देवघरात जाऊन बसायची आणि पुटपुटत बोटांवर मोजायची, किती महिने राहिले.

कुणाला सांगणार? "माझं सदतिसावं चालू आहे" असं सासरी म्हणायची सोय नव्हती. सासरी मला पस्तिसावं चालू होतं. तोंड उघडलं की वडिलांचं खोटं बाहेर. ते तेव्हा हयात होते, सणासुदीला जावयाच्या घरी ताठ मानेनं येत होते. गुरुजी मात्र गेले होते, त्यामुळे त्यांना विचारायचीही सोय उरली नव्हती.

ते वर्ष निघालं. मी सुटले म्हणून सत्यनारायण घालायचं मनात आणतेय तोच लक्षात आलं, शाळेचं वय तर खोटं. खरं सदतिसावं आता लागतंय. पुन्हा फाटक, पुन्हा जिना, पुन्हा बोरं बंद. तेही निघालं, तारखेनं निघालं, तिथीनं निघालं. आणि मग आठवलं, गुरुजींनी "लागलेलं" की "भरलेलं", हे काही सांगितलं नव्हतं. शिवाय सासरच्या हिशेबानं सदतिसावं आत्ता कुठे लागत होतं. तिसरं वर्ष.

या तीन वर्षांत मी एकच शहाणपणाचं काम करत होते, असं मला वाटायचं. मी लेकीला तयार करत होते. पहिल्या वर्षी तिला स्वतःची वेणी घालायला शिकवलं. दुसऱ्या वर्षी बटणं लावायला, कणीक मळायला. तिसऱ्या वर्षी, तिला नववं लागलं तेव्हा, स्टोव्ह पेटवायला. पिन कशी मारायची, किती पंप करायचा, सगळं. आई नसलेल्या मुलीला वरण-भात तरी करता यावा. रडू येऊ नये म्हणून मी तिला रागावून शिकवायची.

त्या दुपारी मी देवघरात बोटं मोजत होते. स्वयंपाकघरातून एकदम भक्कन आवाज आला आणि पाठोपाठ माईंची, माझ्या सासूबाईंची किंकाळी. मी उठून धावले. दारापर्यंत पोचले तेव्हा माईंनी ओलं धुणं लेकीच्या अंगावर टाकून तिला पोटाशी घट्ट धरलं होतं. स्टोव्हची ज्वाळा अजून वर उठत होती, ती माईंनी उरलेलं ओलं धुणं फेकून विझवली. फ्रॉकची झालर हातभर जळाली होती. पायाला चटका लागला होता, तेवढ्यावर निभावलं.

तीन वर्षं मी मरणाला भीत होते. भीती म्हणजे काय ते मला त्या दारात कळलं.

"कुणी सांगितलं तुला स्टोव्हला हात लावायला?" माई तिला गदागदा हलवत होत्या.

"मला एकटीनं करता यायला पाहिजे ना," लेक हुंदके देत म्हणाली. "आई मरणारे. केव्हाची मरणारे. रोज मोजते ती, मी ऐकते."

माईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि सगळं ओकले. पडदा, गुरुजी, सदतिसावं, तिन्ही वयं.

माईंनी लेकीच्या चटक्यावर ओलं फडकं ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तू माझ्या मुलाहून मोठी आहेस?"

"चार महिन्यांनी," मी म्हटलं.

त्या उठल्या, आतल्या कपाटातून लग्नातली पत्रिका काढून आणली आणि माझ्यासमोर धरली. "तुझ्या गुरुजींनी जड वर्ष सांगितलं ते हीच बघून ना?"

"हो."

"मग अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस? या दिवशी जन्मली कोण? तू तर तेव्हा रांगत होतीस, बावळट!"

मी पत्रिकेकडे बघत राहिले. पंधरा वर्षं मी हे विचारलंच नव्हतं. कधी न जन्मलेल्या एका मुलीच्या ग्रहांना मी भीत आले होते, आणि त्यापायी जन्मलेली मुलगी जाळून घेत होते. ती खोटी पत्रिका मांडणारे गुरुजी आणि मांडवून घेणारे वडील, दोघेही त्या दिवशी तिलाच घाबरले होते, हे आठवून माई पुढे कितीदा तरी हसल्या. वडिलांना मात्र त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

माझी भीती त्या दिवशी गेली. लेकीची गेली नाही. त्यानंतर कित्येक महिने ती शाळेतून आली की आधी दारातून हाक मारायची आणि मी "ओ" दिल्यावरच चपला काढायची. मी तिला पत्रिका दाखवली, समजावलं. ती मान डोलवायची आणि झोपताना माझ्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवायची. मोजणं मी सोडलं, ते तिनं उचललं.

आता ती पन्नाशीची आहे. माझ्या ऑपरेशनसाठी इंदूरहून आली आहे. नात अजून पेन धरून बसली होती. "आजी, सांग ना!"

"खरी लिही," मी म्हटलं. "अठ्ठ्याहत्तर."

लेक भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. "चालू आहे की पुरी झाली?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. तिची नजर मात्र माझ्याकडे नव्हती.

"पुरी," मी म्हटलं. "कधीचीच पुरी झाली."

तिनं मान डोलावली. रात्री ती माझ्या शेजारच्या पलंगावर झोपली, आणि पहाटे जाग आली तेव्हा माझ्या पदराला ओढ लागत होती.