तुराट्यांचा फोटो

त्या वर्षी कंपनीच्या सगळ्या संकलन केंद्रांत आमच्या केंद्राचा आकडा सर्वांत चांगला ठरला. तो खोटा होता, आणि तो मी भरला होता.

भूमच्या आसपासच्या वीसेक भट्ट्यांवरचा खवा दुपारपर्यंत आमच्याकडे येतो. तो तपासून, डब्यांत भरून पुण्याच्या एका मिठाई कंपनीला पाठवायचा, एवढेच माझे काम. बावीस वर्षे मी तेच करत आलो आहे. खव्यातला ओलावा मला बोटाला कळतो. कार्बन हा शब्द मात्र शाळा सुटल्यानंतर थेट कंपनीच्या पत्रातच पुन्हा भेटला. स्वतःच्या कारखान्याच्या धुराचा हिशेब देऊन आता कंपनीचे भागणार नव्हते. तिला माल पुरवणारे लोक तो माल तयार करताना काय जाळतात, हेही वार्षिक अहवालात जाहीर करायचे होते. पत्रासोबत तक्ता होता: भट्टीवार इंधन कोणते आणि किती. तोडलेल्या झाडाचे लाकूड असेल तर उत्सर्जन मोठे धरायचे. तुराट्यांसारखे पिकाचे अवशेष असतील तर जवळजवळ शून्य.

तक्ता घेऊन मी पहिल्यांदा गेलो तो मावशींच्या भट्टीवर. नात्याने त्या माझ्या कोणी नाहीत. साठी ओलांडलेली ही बाई नवऱ्याच्या माघारी सुनेच्या मदतीने भट्टी चालवत होती, आणि त्या भागात सगळे तिला मावशीच म्हणतात. त्या कढईपाशी बसून दूध आटवत होत्या. छपरात धूर कोंडला होता.

"मावशी, भट्टीला काय जाळता?"

त्यांनी आधी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिले. "तुराट्या की. दुसरं काय?"

"आणि मागे ते ओंडके रचलेत ते?"

"ते व्हय? ते घरच्या चुलीचं हाय. पाव्हणेरावळे येतेत."

"एवढे पाहुणे?"

"आमचा गोतावळा लई मोठा हाय, सायब," असे म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता खोकल्या.

आमच्याकडे कागद घेऊन कोणी आले की लाकडाचे नाव काढायचे नाही, हा शिरस्ता आहे. झाड तोडल्याची चौकशी मागे लागेल, ही भीती. भट्टीवाले विचारणाऱ्याला तुराट्या सांगतात, आणि विचारणारा आमच्यातलाच असेल तर तोही समजून घेतो. मीही समजून घेतले. समजून घेऊन थांबलो असतो तर गोष्ट वेगळी; मी ते लिहून घेतले. एवढेच नव्हे, इतर भट्ट्यांवर न जाता सगळ्यांच्या रकान्यात तेच भरले. बाभळीचे ओंडके माझ्या डोळ्यांसमोर होते.

आठवड्याने कंपनीतल्या, हे काम पाहणाऱ्या तरुण बाईंचा फोन आला. "सर, तुमचे आकडे फार सुंदर आहेत. एखादा फोटो मिळेल?" मी पुन्हा मावशींकडे गेलो. तुराट्यांचे भारे पुढे होते, ओंडके मागे. ओंडके दिसू नयेत म्हणून मी दोन पावले डावीकडे सरकलो आणि फोटो काढला. तो अहवालात रंगीत छापून आला. ते पान मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवले होते.

पुढच्या दिवाळीनंतर कंपनीने पुरवठादारांचे उत्सर्जन कमी करायला नव्या भट्ट्या बांधून द्यायचे ठरवले: बंद चूल, उंच धुराडे, निम्मे लाकूड. ज्या केंद्रांचा आकडा मोठा, त्यांना आधी. येरमाळ्याच्या पलीकडच्या एका केंद्रात, मावशींच्या व्याह्यांकडे, ती भट्टी बसली. आमच्याकडे काहीच येणार नव्हते. कागदावर आम्ही लाकूड जाळतच नव्हतो.

मावशी खवा घेऊन स्वतः केंद्रावर आल्या. "आमच्या इवायाच्यात धूर समदा भाईर जातो म्हणं. सुनंचं डोळं पाणवत न्हाईत. आमाला कवा?"

"यादी वरून येते, मावशी."

"मग वर सांगा की. तुमचं ऐकतेत ते. तुमच्या फोटूचं कवतिक बी केलं त्येंनी."

यादी वरून येते हे खरे होते. ती वर कोण पाठवते, हे मी सांगितले नाही. त्या वाक्यानंतर चार महिने गेले. रोज त्यांचा डबा उघडताना खव्याला धुराचा वास येतो का, हे मी हुंगून पाहत असे, आणि रोज मला वाटे की उद्या फोन करू. नोकरी जाईल ही भीती होतीच; पण चांगला आकडा जाईल ही भीतीही तिच्याच जोडीला बसलेली होती, हे मला नाकारता येत नाही.

चैत्रात मावशींना दम लागला म्हणून धाराशिवच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी धुरापाशी बसायचे नाही, असे बजावले. त्या दिवशी मी फोन केला.

कंपनीतल्या त्या बाईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "सर, अहवाल जाहीर झालाय. आता पुढच्या अहवालात आधीचा आकडा चुकला होता, असं लिहावं लागेल. कारण काय देऊ? माहिती न तपासता भरली?"

"नाही. लाकूड बघून तुराट्या लिहिल्या, असं लिहा."

मावशींनाही सांगणे भाग होते. त्या अंगणात बाजेवर बसल्या होत्या. आत कढईपाशी सून. मी बोललो ते त्यांनी खाली मान घालून ऐकले.

"म्हंजी म्या खोटं बोलले त्यापायी?"

"तुम्ही भिऊन बोललात. मला कसली भीती होती? मी बघून लिहिलं."

"लई शिकलेलं खोटं बोललात, सायब," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो मला योग्य वाटला. थोड्या वेळाने त्यांनी सुनेला हाक मारली. "अगं, एका कढईला किती लाकूड लागतं ते ह्येंच्या डोळ्यादेखत मोजून दी. काटा ह्येच आणतील."

केंद्रातला काटा मी उचलून नेला. त्यानंतरचे दोन महिने भट्टीभट्टीवर बसून लाकूड मोजले. आमचा आकडा सगळ्या केंद्रांत सर्वांत वाईट ठरला. मला लेखी समज मिळाली; नोकरी राहिली.

नवी भट्टी मावशींकडे त्यापुढच्या वर्षी बसली. कंपनीच्या बाई बघायला आल्या आणि त्यांनी मलाच फोटो काढायला सांगितले. मी मोबाइल धरला, तेव्हा बाजेवरून मावशी म्हणाल्या, "सायब, उजवीकडं सरका. लाकडं येईनात त्यात."

मी सरकलो. त्या फोटोत धुराडे आहे, लाकडे आहेत, कढईपाशी सून आहे. मावशी नाहीत. वेळेवर खरे लिहिले असते तर त्या आजही कढईपाशी बसलेल्या असत्या की नाही, हे मी डॉक्टरांना विचारू शकलो असतो. अजून विचारलेले नाही.