जपलेली खोकी

आमच्या रिसोडकडच्या सोयाबीनवाल्यांची एक सवय आहे. तणनाशक मारलं की रिकामी बाटली आणि पक्कं बिल पीक घरात येईपर्यंत फेकायचं नाही. तण मेलं नाही तर तीच बाटली दुकानदारापुढे आपटायची, ‘बोगस माल देला’ म्हणून. मीही आपटली आहे, दोनदा.

त्याच सवयीनं मी बहिणीच्या केमोच्या इंजेक्शनांची रिकामी खोकी जपली. पोलीस भरतीसाठी रोज केनवडच्या रस्त्यानं पळणारी माझी धाकटी बहीण. गुडघ्यावर सूज आली तेव्हा आम्ही लचक समजून महिनाभर तेल चोळत बसलो. निघाला हाडाचा कॅन्सर. नागपूरच्या डॉक्टरांनी आधी केमो, मग ऑपरेशन असं सांगितलं. पाय वाचवता येईल का, ते गाठ औषधाला किती दाद देते त्यावर ठरणार होतं. तिचे केस गेले, तोंड आतून सोलून निघालं. पाय ठणकला की ती तो माझ्या मांडीवर टाकायची आणि पाय राहील का, तेच विचारायची. मी दर वेळी म्हणायचो, "पाय राह्यते. लिहून घे."

तिसऱ्या केमोनंतरच्या तपासणीत गाठ वाढलेली निघाली. आता पाय काढावा लागणार होता.

मी पिशवीभर खोकी डॉक्टरांच्या टेबलावर उपडी केली. "औषध बोगस आहे, साहेब."

माणूस भला, चिडले नाहीत. एकेक खोकं वाचून औषध खरं आहे म्हणाले. मग सांगितलं, एकाच गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. काहींच्या जनुकांत असे बदल असतात की त्या औषध आत टिकूच देत नाहीत. औषधानं कच्च्या पेशी मारल्या आणि चिवट होत्या त्यांना मोकळं रान मिळालं.

माझ्या वावरात केना असाच माजला होता. तीन वर्षं एकच औषध मारलं, बाकीचं तण गेलं आणि केन्यानं सगळं वावर धरलं. दुकानदाराला मी उगाच शिव्या दिल्या. पण तेव्हा निदान शिव्या द्यायला समोर माणूस तरी होता. इथं दगा झाला होता, तिच्याच हाडानं केला होता, आणि कॉलर धरायला मला कोणी सापडेना. डोकं फुटेल असा राग आला.

वॉर्डात येऊन मी तिला सगळं सांगितलं. पाय नेहमीसारखा माझ्या मांडीवर होता.

"म्हंजे औषध खरं होतं?"

"हो."

"डॉक्टरबी खोटं नाही बोलले?"

"नाही."

"मंग पाय राह्यते, हे तुले कोनं सांगतलं होतं, दादा?"

कुणीच सांगितलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी पाय उचलला आणि माझ्यापासून दूर, पलीकडे ठेवला.