झूराकान एजे गाडीसमोर बसली तेव्हा

उझगेनच्या डोंगरात दरड कोसळली की आधी आम्ही स्वयंसेवक पोहोचायचो. पगार नाही, फावडं तेवढं मिळायचं. झूराकान शाळेत स्वयंपाकीण, आम्हा सगळ्यांची एजे, म्हणजे थोरली बहीण. तिचा आवाज ढिगाऱ्यापलीकडं ऐकू जाई.

त्या वसंतात एका वस्तीवर डोंगरच उतरला. हातांनी माती उकरली, पण जिवंत कुणी सापडलं नाही. त्यानंतर आमच्यातला उलार बोलेनासा झाला. भाकरी हातात धरून नुसता बसायचा. बाकीचे क्षुल्लक गोष्टीवरून एकमेकांच्या अंगावर धावायचे.

आमचा प्रमुख शायलोबेक. तो म्हणाला, "पलीकडच्या खोऱ्यातही दरड आलीय, उद्या निघायचं. ज्याला झेपत नाही त्यानं घरी शेळ्या राखाव्यात!"

सकाळी गाडी सुरू झाली, तर एजे समोर रस्त्यात मांडी घालून बसलेली.

"एजे, ऊठ तिथनं."

"नाही उठत. तिकडं माणूस अडकलेला नाही, नुसता रस्ता अडलाय. यंत्रं काढतील माती. तुला टीव्हीवर दिसायची हौस!"

"संघटनेतून काढून टाकीन!"

"टाक की. पगार थोडाच देतोस?" तिनं उलारकडं बोट केलं. "कुदळ मोडली की तू नवा दांडा बसवतोस. ह्याला काय बसवणार रे?"

उलार गाडीतून उतरला आणि तिच्याशेजारी बसला. आपल्या हाताकडं बघत म्हणाला, "एजे, माझ्या हाताला लहान मुलाचा मोजा लागला होता." मग तो रडला. आम्ही एकेक करून उतरलो.

शायलोबेक रिकामी गाडी घेऊन गेला. एजेचं नाव कापलं गेलं. आम्हीही कळवलं, तिच्याशिवाय येणार नाही. संघटनेच्या कार्यालयाकडं खोदायला माणूस उरेना, तेव्हा नियम आला: खोदून आलेल्याला लगेच पुढं धाडायचं नाही, आधी सगळ्यांनी एकत्र बसून बोलायचं, ज्याला नको त्यानं बेलाशक नाही म्हणायचं. एजेला मात्र निरोप आला, माफी माग, मग परत घेऊ.

"माफी मागायची तर शायलोबेकनं यावं," ती म्हणाली. "मटण शिजत टाकलंय. उशीर केला तर रस्सा मिळणार नाही."

शायलोबेक आला. माफी कुणीच मागितली नाही. पण रस्सा पिता पिता तो आपल्या पहिल्या ढिगाऱ्याबद्दल बोलू लागला, आणि एजे ऐकता ऐकता त्याला रस्सा वाढत राहिली.

कागदोपत्री ती अजूनही आमच्यात नाही. दरड कोसळली की पुढं तीच असते. तिला परत धाडायची छाती कुणाची नाही.