फॉर्मेट मारायचं नाही

आमच्या शेजारच्या अलकनंदाकाकूंना कुणी "सोडून द्या" म्हटलं, की ती गोष्ट त्या हटकून धरून बसत. उभी हयात सरकारी नोकरीत, दिल्लीच्या सरकारी क्वार्टरात गेली. निवृत्तीनंतर गाझियाबादला फ्लॅट घेतला, तोही समोर पार्क होणार म्हणून. पार्क कसलं नि काय! २००४ साली त्या जागेवर दुकानांसाठी पत्रे ठोकले गेले आणि बिल्डर बेशरमपणे म्हणाला, "पार्क? कौन-सा पार्क?"

खरं तर चाव्या वाटायच्या समारंभात त्यानं स्वतः तिथं रोप लावलं होतं. काकूंचे यजमान गुणवंतकाका यांनी त्याचं शूटिंगही केलं होतं. पण पुढे त्याच कॅसेटवर काकांनी भाचीचं डोहाळजेवण उतरवलं! उरली ती कॉम्प्युटरवरची एकुलती एक प्रत, आणि नेमका तो कॉम्प्युटर रुसला. पत्रं टाइप करा, बिनतक्रार चाले. गाणं किंवा व्हिडिओ उघडला, की ठप्प. माउससुद्धा हलेना.

मेकॅनिक म्हणाला, "आंटी, फॉर्मेट मारना पड़ेगा. सब उड़ जाएगा."

"खटमल हुए तो क्या घर जला दूँ?" काकू कडाडल्या. चहा पाजून त्याला वाटेला लावलं आणि स्वतःच खुर्ची ओढून बसल्या.

सिनेमे बघायच्या हौसेपायी काकांनी व्हिडिओ चालवायचे फुकटातले प्लेअर कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवले होते; काकूंचा संशय त्यांच्यावरच. काकू एकेक काढत गेल्या, दर वेळी मशीन बंद-चालू करून गाणं लावून बघत गेल्या. अखेर गाणं वाजलं! व्हिडिओही सुरू झाला, पण एका जागी येऊन पुन्हा अडकला. दर वेळी तिथंच. सीडीवरही उतरेना, फाइलच तिथं खराब झाली होती.

"आता सोड, अलका," काका म्हणाले. मलाही वाटलं, संपलं. तो लबाड जिंकणार म्हणून माझा नुसता संताप झाला.

काकू मात्र अडकलेल्या चित्राकडे बघून हसल्या. "बिल्कुल सोडणार नाही. रविवारी हे सगळं धूड मीटिंगला न्यायचं. यूपीएसच्या बॅटरीसकट."

रविवारी पार्किंगमध्ये सोसायटी जमली. बिल्डर आला आणि "ऐसा कोई वादा नहीं था" म्हणाला. काकूंनी व्हिडिओ लावला. पडद्यावर बिल्डर हसत आला, वाकून रोप लावू लागला. मागे भलामोठा फलक, 'बच्चों का पार्क'. आणि तिथंच चित्र थांबलं.

"बंद कीजिए इसे!" बिल्डर ओरडला.

"हँग हो गया है, भाईसाहब. अब किसी की नहीं सुनता."

त्यानं चिडून भिंतीतला प्लग उपटला. यूपीएस टीं टीं करू लागला, पण चित्र तसूभर हललं नाही. हातात रोप, ओठांवर हसू, मागे फलक. सगळी सोसायटी हसत सुटली. तो निघायला वळला, तशा काकू वाटेत उभ्या राहिल्या.

"आप भी मत हिलिए. पहले पार्क की बात."

आणि तो मुकाट्यानं बसला.